दोन कुत्र्यांचे रक्त, एक नळी

रक्तसंक्रमण झालेल्या कुत्र्याच्या शिरेतून काढलेल्या रक्ताच्या नळीवर एकाच कुत्र्याचे नाव लिहिलेले असले, तरी तिच्यात निदान दोन कुत्र्यांच्या तांबड्या पेशी असतात, आणि रक्तगट तपासणाऱ्या प्रयोगशाळेपुढचे बहुतेक अवघड प्रश्न या एका गोष्टीतून निघतात. दात्याच्या पेशी कोणत्या आणि रुग्णाच्या कोणत्या, हे नुसत्या डोळ्यांना तर नाहीच, पण सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखू येत नाही. फरक असतो तो पेशीच्या पृष्ठभागावरील काही प्रथिनांचा आणि त्यांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्यांचा. या रेणूंना प्रतिजन म्हणतात, कारण ज्या शरीरात ते जन्मतः नसतात त्या शरीराला ते परके वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध ते शरीर प्रतिपिंडे, म्हणजे नेमक्या त्याच रेणूला जाऊन चिकटणारी संरक्षक प्रथिने, तयार करते. गट न जुळवता रक्त दिले गेले असेल, तर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्या परक्या पेशी अजून अभिसरणात आहेत का, असल्यास किती आहेत आणि शरीराने त्यांची दखल घेतली आहे का, हे या प्रतिजनांच्या आधारे शोधावे लागते.

एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्याला देण्याचा प्रयोग ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड लोअर यांनी १६६० च्या दशकातच केला होता. परंतु कुत्र्यांनाही रक्तगट असतात आणि ते न जुळल्यास अपाय होतो, याचा पद्धतशीर अभ्यास १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे लॉरेन्स यंग, स्कॉट स्विशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. या वैद्यांना मुळात माणसात न जुळणाऱ्या रक्ताने तांबड्या पेशी कशा फुटतात हे समजून घ्यायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी कुत्र्यांना जाणूनबुजून न जुळणारे रक्त देऊन पुढे काय होते ते नोंदवले. आज एखाद्या दवाखान्यात कुत्र्याचा रक्तगट काही मिनिटांत कळतो त्यामागे त्या प्रयोगांतील कुत्र्यांनी सोसलेला ताप, कावीळ आणि लाल लघवी आहे, याचे भान या क्षेत्रात काम करणाऱ्याने सोडू नये. रॉचेस्टरच्या या चमूने ‘ए’ हे अक्षर दिलेल्या प्रतिजनाला १९७० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय कार्यशाळांनंतर ‘डीईए १’ हे नाव मिळाले. कुत्र्याच्या तांबड्या पेशीवरील प्रतिजन, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. पुढे डीईए ३, ४, ५, ७ असे इतर गट मान्य झाले. परंतु दवाखान्याच्या दृष्टीने डीईए १ इतके महत्त्व त्यांतील कोणालाही नाही, कारण साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक कुत्र्यांत हा प्रतिजन असतो, उरलेल्यांत नसतो, आणि ज्यांच्यात नसतो त्यांना तो मिळाला तर त्यांचे शरीर त्याविरुद्ध जोरदार प्रतिपिंडे बनवते.

यातली फसवी बाब अशी की पहिल्या वेळी बहुधा काहीच होत नाही. माणसात ए गटाच्या व्यक्तीच्या रक्तात बी प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच असतात, आणि मांजरांतही, विशेषतः बी गटाच्या मांजरांत, अशी नैसर्गिक प्रतिपिंडे इतकी प्रखर असतात की ए गटाचे थोडेसे रक्तही जीवघेणे ठरू शकते. कुत्र्यांत मात्र डीईए १ विरुद्ध अशी उपजत तयारी नसते. त्यामुळे डीईए १ निगेटिव्ह कुत्र्याला पहिल्यांदा पॉझिटिव्ह रक्त चढवले, तर तो सहसा टवटवीत होतो, त्याच्या हिरड्या गुलाबी होतात, तो खाऊ लागतो आणि घरी जातो. प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतचा काळ लागतो आणि तोवर तो डॉक्टरांच्या नजरेआड झालेला असतो. दुसऱ्यांदा तसेच रक्त दिले, की मात्र तयार असलेली प्रतिपिंडे काही तासांतच त्या पेशी फोडून टाकतात. पहिल्या वेळी काही झाले नाही म्हणून गट तपासण्याची गरज नाही, ही समजूत कुत्र्यांच्या बाबतीत जितकी स्वाभाविक आहे तितकीच घातक आहे, आणि ती दूर करण्याचे काम प्रयोगशाळेला पुन्हा पुन्हा करावे लागते.

संक्रमणानंतरच्या नमुन्यात दात्याच्या पेशींचे प्रमाण किती असू शकते याचा अंदाज नवख्या तंत्रज्ञाला सहसा नसतो. दाता म्हणजे भर, अशी त्याची कल्पना असते. हिशेब मांडून पाहिला की ती बदलते. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८५ मिलिलिटर रक्त धरले, तर २० किलोच्या कुत्र्यात ते १,७०० मिलिलिटर होते. तीव्र पंडुरोगात त्याचा पीसीव्ही, म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानातील तांबड्या पेशींचा वाटा, १२ टक्क्यांवर आलेला असेल, तर त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे २०४ मिलिलिटरच उरलेल्या असतात. त्याला ४५ पीसीव्ही असलेल्या धडधाकट दात्याचे ४५० मिलिलिटर रक्त दिले, तर त्यातून सुमारे २०२ मिलिलिटर पेशी येतात. जादा द्रव शरीराबाहेर गेल्यावर त्याचा पीसीव्ही २४ च्या आसपास स्थिरावतो, आणि त्यातला निम्मा वाटा दुसऱ्या कुत्र्याचा असतो. अशा नमुन्यावर रक्तगट ठरवणे म्हणजे दोघांच्या उत्तरपत्रिका एकत्र करून एकाला गुण देण्यासारखे आहे.

दवाखान्यात डीईए १ ची तपासणी बहुधा पट्टीवर होते. कागदासारख्या पडद्यावर एका ओळीत डीईए १ ला चिकटणारी एकविध प्रतिपिंडे, म्हणजे एकाच पेशीवंशातून तयार केलेली तंतोतंत सारखी प्रतिपिंडे, बसवलेली असतात. तिच्या वरच्या ओळीत सर्वच कुत्र्यांच्या तांबड्या पेशींवर आढळणाऱ्या रेणूला चिकटणारी प्रतिपिंडे असतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतले थोडे रक्त बफरमध्ये मिसळून पट्टीचे टोक त्यात उभे केले, की पेशी द्रवाबरोबर पडद्यावर चढू लागतात, आणि जिथे त्यांना धरून ठेवणारे प्रतिपिंड भेटते तिथे थांबतात. दिसणारी तांबडी रेघ कोणत्याही रंगद्रव्याची नसते. ती अडकून राहिलेल्या पेशींचीच असते. पट्टी वाचताना हे ध्यानात ठेवण्याचा लाभ असा, की तीव्र पंडुरोगाच्या कुत्र्यात पेशीच थोड्या असल्याने रेघ फिकी उमटते, आणि अशा वेळी वरची नियंत्रक रेघही तितकीच फिकी आहे का ते पाहिले, म्हणजे प्रतिजन कमी आहे की पेशी कमी आहेत याचा उलगडा होतो. ज्याच्या पेशी आपोआपच एकमेकींना चिकटत असतील, त्याचा नमुना आधी सलाईनने वारंवार धुऊन घ्यावा लागतो, नाहीतर पेशींचे पुंजके पडद्याच्या तळाशीच अडकतात आणि पट्टी वाचण्याजोगी राहत नाही.

खरा पेच येतो तो फिक्या, पण स्पष्ट रेघेने. पूर्वी डीईए १.१ आणि १.२ असे दोन वेगळे गट मानले जात. २०१४ मध्ये फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी पट्टी आणि एकेक पेशी तपासणारे फ्लो सायटोमीटर हे यंत्र यांच्या साह्याने दाखवून दिले, की हे दोन भिन्न गट नसून एकाच प्रतिजनाच्या कमीअधिक प्रमाणाची ती सलग श्रेणी आहे, ज्यात काही कुत्री निगेटिव्ह, काही क्षीण पॉझिटिव्ह, तर काही तीव्र पॉझिटिव्ह असतात. या शोधाने वर्गीकरण सोपे केले, पण संक्रमणानंतरच्या नमुन्यापुढे एक प्रश्न उभा केला. फिकी रेघ दोन कारणांनी उमटू शकते. एक तर कुत्रा स्वतः क्षीण पॉझिटिव्ह असेल, म्हणजे त्याच्या प्रत्येक पेशीवर प्रतिजन थोडाथोडा असेल. किंवा तो पूर्ण निगेटिव्ह असून त्याच्या रक्तात तीव्र पॉझिटिव्ह दात्याच्या थोड्याशा पेशी फिरत असतील. पट्टीला दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात. पहिल्या स्थितीत त्याला पॉझिटिव्ह रक्त देणे ठीक आहे. दुसऱ्या स्थितीत तेच रक्त त्याच्या जिवावर बेतू शकते. एका फिक्या रेघेच्या मागे एवढे अंतर लपलेले असते, आणि अहवालावर एकच शब्द लिहायचा असल्याने ते अंतर वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

हा पेच सोडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला जेल स्तंभाचा. प्लॅस्टिकच्या कार्डात ओळीने बसवलेल्या बारीक नळ्यांत जेलचे कण भरलेले असतात. वर पेशी आणि प्रतिपिंडे एकत्र ठेवून, ठरलेला वेळ उबवून, कार्ड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले जाते. प्रतिपिंडांनी एकमेकींना जोडलेल्या पेशींचे पुंजके जेलच्या वरच अडकतात, सुट्या पेशी मधल्या फटींतून तळाशी जातात. क्षीण पॉझिटिव्ह कुत्र्याच्या पेशी नळीच्या मधल्या भागात विखुरलेल्या दिसतात. मिश्रण असेल, तर मात्र वर एक तांबडी पट्टी, तळाशी एक घट्ट तांबडा ठिपका आणि मधली जागा जवळपास रिकामी, असे चित्र दिसते. त्याला मिश्र-क्षेत्र प्रतिक्रिया म्हणतात, आणि ती एकदा नीट पाहिलेला तंत्रज्ञ तिला पुन्हा चुकत नाही. अडचण इतकीच, की एका गटाच्या पेशी अगदी थोड्या उरल्या असतील, तर तळाचा किंवा वरचा ठिपका इतका पुसट असतो की नळी उजेडासमोर धरूनही शंका राहते.

दुसरा मार्ग फ्लो सायटोमीटरचा. यात पेशींना डीईए १ ची प्रतिपिंडे लावून त्यांना प्रकाशमान रंगद्रव्य जोडतात आणि एकेक पेशी लेसर किरणासमोरून नेतात; प्रत्येक पेशी किती उजळली याची स्वतंत्र नोंद होते आणि हजारो पेशींच्या नोंदींतून आलेख तयार होतो. क्षीण पॉझिटिव्ह कुत्र्याचा आलेख म्हणजे एकच उंचवटा असतो, निगेटिव्हच्या जागेपासून थोडा उजवीकडे सरकलेला. मिश्रणाचा आलेख म्हणजे दोन उंचवटे, एक डावीकडे अंधारात आणि एक उजवीकडे दूर, मध्ये दरी. पट्टी सगळ्या पेशींचे मिळून एकच उत्तर देते, तर हे यंत्र प्रत्येक पेशीला वेगळे विचारते. म्हणून मोजणीच्या प्रश्नात त्याच्यावर अधिक विसंबता येते. यंत्र महाग आहे आणि बहुतेक दवाखान्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते, की ज्या शहरात माणसांच्या रक्तपेढ्यांत ते दिवसभर चालू असते, तिथे पशुवैद्यकाला त्याचा थोडा वेळ मिळवून देणे अशक्य नसावे.

पेशींच्या पृष्ठभागावरील फरक हीच खूण मानून त्यांच्या आयुष्याचा माग काढण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये विनिफ्रेड अ‍ॅशबी यांनी १९१९ मध्ये ए किंवा बी गटाच्या रुग्णांना ओ गटाचे रक्त दिल्यानंतर त्यांच्या स्वतःच्या पेशींचे प्रतिपिंडांच्या साह्याने पुंजके केले आणि न चिकटता सुट्या राहिलेल्या दात्याच्या पेशी दर काही दिवसांनी मोजल्या. दिलेल्या पेशी ३० दिवस आणि त्याहूनही अधिक टिकतात, हे त्यांनी दाखवले, तेव्हा ते अनेकांच्या समजुतीच्या पलीकडचे होते. कुत्र्याच्या तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे ११० दिवसांचे असते, म्हणजे कोणताही अपाय होत नसेल तर दात्याच्या पेशींपैकी दररोज जेमतेम एक टक्का वयोमानाने नाहीशा व्हाव्यात. न जुळणाऱ्या संक्रमणानंतर हा वेग पाळला जातो का, हे पाहणे म्हणजे अ‍ॅशबींचाच प्रयोग नव्या साधनांनी करणे होय.

मात्र येथे एक चूक फार सहज होते आणि तिच्याकडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. फ्लो सायटोमीटर देतो ते प्रमाण. पेशींची संख्या नव्हे. वर मांडलेल्या हिशेबातील कुत्र्याचा संक्रमणानंतरचा पीसीव्ही २४ आणि दात्याचा वाटा ५० टक्के होता, म्हणजे पीसीव्हीतले १२ अंश दात्याचे होते. दोन आठवड्यांनी त्याच कुत्र्याच्या नव्या नमुन्यात दात्याचा वाटा २६ टक्क्यांवर उतरलेला दिसला, तर परक्या पेशींचा निम्मा साठा नष्ट झाला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्याच दिवशी पीसीव्ही ४० वर गेलेला असेल, तर दात्याचे अंश साडेदहाच्या आसपास भरतात, आणि वयोमानाने होणारी १२-१३ टक्क्यांची घट धरली तर नेमके इतकेच उरायला हवेत. म्हणजे एकही पेशी अकाली फुटलेली नाही, फक्त रुग्णाच्या अस्थिमज्जेने स्वतःच्या नव्या पेशी भराभर ओतल्याने दात्याचा वाटा पातळ झाला आहे. याउलट पीसीव्ही २२ वर अडकून राहिला आणि दात्याचा वाटा ३ टक्क्यांवर आला, तर दात्याच्या पेशी वेचून मारल्या गेल्या आहेत हे उघड होते. प्रत्येक मोजणीबरोबर त्याच नळीचा पीसीव्ही नोंदवला नसेल, तर सगळ्यांत महाग यंत्राचा आलेखही दिशाभूल करतो.

दात्याच्या पेशी अशा वेगाने नाहीशा होऊ लागल्या, की त्यामागे प्रतिपिंडेच आहेत का हे दाखवण्यासाठी कुम्ब्स चाचणी उपयोगी पडते. केंब्रिजमध्ये १९४५ साली आर्थर मूरंट आणि रॉबर्ट रेस यांच्यासह ही चाचणी घडवणारे रॉबिन कुम्ब्स शिक्षणाने पशुवैद्य होते, ही गोष्ट पशुवैद्यकांनीही क्वचितच लक्षात ठेवली आहे. पेशींना चिकटून बसलेली प्रतिपिंडे अनेकदा त्यांना एकत्र बांधायला अपुरी पडतात; त्या प्रतिपिंडांनाच धरणारे दुसरे प्रतिपिंड, जे कुत्र्याच्या प्रथिनांविरुद्ध तयार केलेले असावे लागते, मिसळले की पेशींचे पुंजके होतात. न जुळणाऱ्या संक्रमणानंतर फक्त दात्याच्या पेशींवर प्रतिपिंडे असल्याने पुंजके अर्धवट होतात, आणि हाही मिश्र-क्षेत्राचाच एक प्रकार ठरतो. गुंतागुंत अशी, की रक्ताची गरज पडलेला कुत्रा अनेकदा स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या रोगाने आजारी असतो, म्हणजे त्याची कुम्ब्स चाचणी रक्त देण्यापूर्वीच पॉझिटिव्ह असते. अशा वेळी पेशींवरील प्रतिपिंडे सोडवून घेऊन ती डीईए १ पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन्ही प्रकारच्या ज्ञात पेशींवर तपासावी लागतात: दोहोंशी चिकटली तर मूळ रोग, फक्त पॉझिटिव्हशी चिकटली तर संक्रमणाचा परिणाम. हे काम वेळखाऊ आहे. पण रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या प्रेडनिसोलोनची मात्रा वाढवायची की दाता बदलायचा, हा निर्णय त्यावर अवलंबून असल्याने ते टाळण्याजोगे नाही.

या सगळ्या खटाटोपाची गरज एका साध्या कृतीने बहुतांशी संपते, आणि ती म्हणजे रक्त चढवण्यापूर्वी रुग्णाच्या रक्ताची एक ईडीटीए नळी भरून, तारीख आणि वेळ लिहून, फ्रीजमध्ये ठेवणे. त्या नळीत एकाच कुत्र्याच्या पेशी असतात. तातडीच्या वेळी गट तपासायला सवड नसेल तर नसो, नळी मात्र ठेवावीच, कारण त्या रात्री न विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारता येतो. एकदा रक्त चढले की तो प्रश्न तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत सरळपणे विचारता येत नाही. प्रयोगशाळेकडे येणाऱ्या नमुन्याबरोबर पूर्वी रक्त दिले आहे का, कधी, किती, हे लिहून येणे जेवढे महत्त्वाचे तेवढेच ते दुर्मीळ आहे, आणि कोणत्याही यंत्रापेक्षा त्या एका ओळीने अधिक चुका टळतात असे या कामात मुरलेल्या कोणाचेही मत पडेल.

महाराष्ट्रात या गोष्टीला वेगळे वजन आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडींचा सुळसुळाट होतो, त्यांच्याद्वारे पसरणारे बबेसिया गिब्सोनाय आणि एर्लिकिया केनिस हे सूक्ष्म जीव कुत्र्यांत तीव्र पंडुरोग घडवतात, आणि ‘टिक फीवर’ने पांढऱ्याफटक पडलेल्या कुत्र्याला घेऊन मालक धावत येतो तेव्हा दाता म्हणून ओळखीच्या घरातला लॅब्रॅडॉर उभा केला जातो. बबेसियाचा रोग उलटणारा असल्याने अशा कुत्र्याला पुन्हा रक्त लागण्याचा संभव असतो, म्हणजे पहिल्या वेळचे मौन आणि दुसऱ्या वेळचा आघात या दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला येऊ शकतात. शिवाय रस्त्यावरून घरात आलेल्या देशी कुत्र्याला पूर्वी कधी कोणी रक्त दिले होते का, हे सांगणारे कोणी नसते. दात्याच्या रक्तात हेच जंतू नाहीत ना, ही तपासणी तर रक्तगटाइतकीच अनिवार्य आहे, कारण नकळत तोच रोग दात्याकडून रुग्णाला जाऊ शकतो. मादीला पिल्ले झालेली असतील तर तिच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतील, ही भीती मात्र बाळगण्याचे कारण नाही. माणसात गर्भारपणातून जे घडते ते कुत्र्यांत घडल्याचा पुरावा मिळालेला नाही, म्हणून व्यालेली निरोगी कुत्री दाता म्हणून चालते.

डीईए १ जुळवूनही पेच संपत नाही, हे ज्या प्रकरणाने ठसवले ते एका डाल्मेशियन कुत्र्याचे होते. त्याला रक्त दिल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा रक्ताची गरज पडली तेव्हा क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या पेशी एकत्र करून जुळणी पाहण्याची चाचणी, आधीच्या दात्यांशीच नव्हे तर तपासलेल्या इतर जातींच्या कुत्र्यांशीही न जुळणारी निघाली. जुळले ते काही मोजके डाल्मेशियनच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मारी-क्लोद ब्ले, उर्स गिगर आणि सहकाऱ्यांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की जवळपास सर्व कुत्र्यांच्या पेशींवर असणारा एक प्रतिजन या कुत्र्याच्या पेशींवर नाही. २००७ साली त्यांनी त्याला ‘डाल’ हे नाव दिले. पुढे २०१६ मध्ये कोरियात घडवलेल्या प्रतिपिंडांच्या साह्याने काय १ आणि काय २ या आणखी दोन प्रतिजनांची पाहणी उत्तर अमेरिकेतील कुत्र्यांत झाली. त्यांतील सुमारे ९४ टक्क्यांवर काय १ आढळला.

रुग्णाचा रक्तद्रव कोणाच्याच पेशींशी जुळत नाही असे चित्र समोर आले की प्रयोगशाळेत प्रथम ऑटोकंट्रोल पाहिला जातो, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव त्याच्या स्वतःच्याच पेशींशी जुळवून पाहतात. तिथेही पुंजके झाले, तर दोष त्याच्या स्वतःच्या रोगात आहे. तिथे काहीच झाले नाही आणि बाकी सगळ्यांशी मात्र न जुळणारी प्रतिक्रिया आली, तर जो प्रतिजन सगळ्यांजवळ आहे आणि याच्याजवळ नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आहेत असे समजावे. मराठी वाचकाला हा तर्क अपरिचित नसावा. परळमध्ये, जिथे एकीकडे केईएम रुग्णालय आणि दुसरीकडे १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच याच धर्तीच्या कोड्यातून बॉम्बे रक्तगट प्रकाशात आला, आणि वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली लॅन्सेटमध्ये तो जगापुढे ठेवला. त्या लेखाच्या सहलेखकांत कुम्ब्स यांचे सहकारी रॉबर्ट रेस हेही होते. अशा माणसांच्या पेशींवर एच हा जवळजवळ सार्वत्रिक प्रतिजन नसतो. फरक असा, की त्यांच्या रक्तात एचविरुद्धची प्रतिपिंडे उपजत असतात आणि म्हणून पहिल्याच जुळणीत धोक्याची सूचना मिळते; डाल निगेटिव्ह कुत्र्यात ती पहिल्या संक्रमणानंतरच उपजतात, त्यामुळे सूचना मिळते तेव्हा शरीर संवेदित होऊन गेलेले असते.

डालची तपासणी करण्यातली अडचण साधनांची आहे. तिच्यासाठी संवेदित झालेल्या कुत्र्याच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडेच बहुधा वापरावी लागतात, आणि तो रक्तद्रव मिलिलिटरने मोजून जपावा लागतो. दुसरीकडे, असा प्रतिजन नसलेली कुत्री काही जातींत बरीच आढळतात: डाल्मेशियनमध्ये थोडी, पण डोबरमन आणि शिह त्झूमध्ये मोठ्या प्रमाणात. डोबरमनच्या बाबतीत हे विशेष गंभीर आहे, कारण या जातीत फॉन विलेब्रांड रोग, म्हणजे रक्त गोठण्यास लागणाऱ्या एका प्रथिनाची आनुवंशिक कमतरता, वारंवार दिसते आणि जखम किंवा शस्त्रक्रियेनंतर त्यांना रक्त लागू शकते. अशा कुत्र्याला पहिले संक्रमण जवळपास हमखास डाल पॉझिटिव्ह दात्याचेच होते. दुसऱ्या वेळी त्याच्या सख्ख्या भावंडांपासून शोध सुरू करावा लागतो, कारण हा प्रतिजन असण्याचा गुण प्रभावी पद्धतीने वारशात येत असल्याने तो नसलेली भावंडे सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. सापडलेल्या भावंडाला दाता करण्यापूर्वी त्याच्यातही फॉन विलेब्रांड प्रथिनाची पातळी पाहावी लागते, आणि ती पुरेशी निघाली तर त्याचे नाव, मालकाचा संपर्क आणि डाल निगेटिव्ह असल्याची नोंद रुग्णाच्या कागदांवर डीईए १ च्या निकालाशेजारीच लिहून ठेवावी लागते.